कापडाचे पंख

कापूस म्हटला की आम्हा वऱ्हाडकरांना भाव आठवतो, बाजारापुढे लागलेली गाड्यांची रांग आठवते, जिनात उडणारा रुईचा भुगा आठवतो. विमान काही आठवत नाही. आठवावे असे मात्र आहे. पंख लावून माणूस प्रथम हवेत तरंगला तो धातूच्या पंखांवर नव्हे, तर सुती कापडावर. ओटो लिलिएन्थालचे पंख विलोच्या लवचिक काड्यांवर ताणलेल्या सुती शर्टिंगचे होते आणि राइट बंधूंचे मलमलीचे. पुढे कापडाची जागा पत्र्याने घेतली, मोठमोठी विमाने झाली, तिकिटे निघाली. पण गेल्या पन्नास वर्षांत गंमत अशी झाली आहे की, एकट्या माणसाने उडण्याचे जे सर्वांत सुटसुटीत साधन आज जगात आहे, त्याचे पंख पुन्हा निव्वळ कापडाचे आहेत. त्यात एक काडीसुद्धा नाही. त्याला पॅरामोटर म्हणतात. पाठीवर पंखा लावलेले इंजिन, डोक्यावर कापडी पंख, आणि खाली धावण्यासाठी देवाने दिलेले दोन पाय.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्या खामगावच्या कापसाची कीर्ती एके काळी मँचेस्टरपर्यंत होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात चालले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, तेव्हा गिरणीवाल्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८७० साली जलंब ते खामगाव ही आठ मैलांची आगगाडीची फांदी खास कापसासाठी घालण्यात आली आणि तिच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय यावा, एवढा त्या वेळी रुईचा मान! त्या गठाणींतला एखादा धागा कोणा उडणाऱ्याच्या पंखात गेला असेल असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून बोलले म्हणजे काय होते ते पुढे येणारच आहे.

लिलिएन्थाल हा जर्मन इंजिनिअर. करकोच्यांचे उडणे त्याने वर्षानुवर्षे पाहिले, पंखांचा बाक मोजला आणि १८८९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मग १८९१ पासून पाच वर्षांत सुमारे दोन हजार वेळा तो टेकड्यांवरून धावत सुटला व तरंगत खाली आला. टेकडी मनासारखी मिळेना म्हणून बर्लिनजवळ मातीची पंधरा मीटर उंचीची टेकडी त्याने स्वखर्चाने रचविली! एका प्रकारच्या पंखावर तो थांबला नाही. एकमजली, दुमजली, लहान, मोठे असे अनेक पंख त्याने करून पाहिले आणि प्रत्येकाची टिपणे ठेवली. पंखांची तुलना करण्याची विद्या ही खरी त्याची. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या एका झोताने पंखाचे तोंड वर उचलले गेले, तो सुमारे पन्नास फुटांवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. पण टिपणे उरली. राइट बंधूंनी ती अभ्यासली, त्यांतले आकडे आपल्या अनुभवाशी जुळेनात म्हणून स्वतः हवेचा बोगदा करून पुन्हा मोजमापे घेतली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी बारा सेकंद, एकशेवीस फूट, असे ते जगप्रसिद्ध उड्डाण झाले.

राइट बंधूंच्या कापडाची एक हकीकत आमच्या घरातल्या बायकांना फार आवडते. १९०० साली किटी हॉकच्या वाळूत विल्बर राइटने आपल्या पहिल्या ग्लायडरचे साटिनचे कापड नेमके मापाचे नाही म्हणून गावातल्या टेटबाईंच्या शिवणयंत्रावर बसून स्वतः पुन्हा शिवले. हंगाम संपल्यावर दोघे भाऊ तो ग्लायडर तेथेच टाकून घरी गेले. टेटबाईंनी कापड सोडवून घेतले आणि आपल्या दोन लहान मुलींना त्याचे झगे शिवले. विमानविद्येच्या इतिहासातले एवढे मोलाचे कापड दोन पोरींनी अंगावर वापरून फाडले असेल. पण चांगल्या कापडाचे कोणत्याही शहाण्या गृहिणीने दुसरे काय करावयाचे?

आता आपल्या मुंबईकडे वळतो. शिवकर बापूजी तळपदे हे नाव मराठी घरांतून अभिमानाने घेतले जाते. पाठारे प्रभू समाजातले, १८६४ सालचा जन्म, वेदविद्येचा नाद. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे विनामाणसाचे विमान दीड हजार फूट उंच उडविले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे सांगितले जाते. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज तेथे हजर होते, इंजिन पाऱ्यावर चालत होते, असेही सांगतात. ही गोष्ट ऐकून माझीही छाती लहानपणी फुगली होती. पण हा पंख किती लांब होता, कापड कोणते, भार किती, वारा कोणत्या दिशेचा, तो किती वेळ हवेत होता, यांतले काही सांगणारी त्या काळची नोंद पुढे आलेली नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या वर्षांत सांगितला आणि दुसऱ्याने उतरवून घेतला. म्हणजे चौपाटीच्या त्या प्रसंगानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यातली विमाने तपासली आणि ती उडणे शक्य नाही, असा स्वच्छ निर्वाळा दिला. तरी २०१५ साली मुंबईच्या विज्ञान परिषदेत हा विषय पुन्हा निघालाच, आणि त्याच वर्षी त्यावर हिंदी चित्रपटही आला.

माझे मत सांगतो; कोणास रुचो न रुचो. आणि विनामाणसाचे यंत्रच मोजावयाचे तर अमेरिकेच्या लँग्ले यांचे वाफेचे यंत्र मे १८९६ मध्ये अर्ध्या मैलाहून अधिक उडाले, त्याचे छायाचित्र आहे, साक्षीदाराची सही आहे. तळपद्यांनी १९०७ साली 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे पुस्तक काढले. पारतंत्र्यातला एक मुंबईकर विमानाचा ध्यास घेतो, त्यावर पदरचे पैसे व आयुष्य घालतो, मराठीत पुस्तक लिहितो. ही कहाणी जशी आहे तशी मला पुरेशी मोठी वाटते. तिला दीड हजार फुटांचे ठिगळ लावून आपण त्या गृहस्थाचा मान वाढवीत नाही. लिलिएन्थाल मेला तरी त्याचा पंख आज कोणालाही त्याच मापाने पुन्हा करता येतो, आणि केलाही गेला आहे. ज्याच्यावर आपला जीव टांगावयाचा त्या पंखाच्या बाबतीत मला भावनेपेक्षा फूटपट्टी अधिक प्रिय आहे.

सुती कापडात एक मोठा दोष होता. त्यातून हवा झिरपते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांना म्हणून लिननचे कापड लावीत व त्यावर एक प्रकारचे रोगण चढवीत, म्हणजे ते ढोलाच्या कातड्यासारखे ताठ बसे. लिनन हे जवसाच्या झाडाचे सूत. आम्ही वऱ्हाडात जवसाची चटणी करतो आणि तेल काढतो, युरोपवाल्यांनी तिच्या वाकापासून विमाने मढविली. हवाई छत्र्या रेशमाच्या असत, आणि रेशीम जपानचे. दुसऱ्या महायुद्धात ते बंद झाले, तेव्हा अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीत १९३५ साली निघालेले नायलॉन कामास आले. जून १९४२ मध्ये ॲडेलिन ग्रे नावाच्या तरुणीने नायलॉनच्या छत्रीने पहिली उडी मारली. लढाई संपल्यावर त्याच छत्र्यांच्या कापडाचे विलायतेत लग्नाचे झगे झाले, हे टेटबाईंच्या परंपरेला धरूनच झाले म्हणावयाचे.

काडीवाचूनचा पंख कसा आला, ही हकीकत स्वयंपाकघरात सुरू होते. फ्रान्सिस रोगॅलो हा अमेरिकन सरकारी इंजिनिअर. वरिष्ठांना त्याच्या कल्पनेत रस नव्हता, म्हणून १९४८ साली त्याने घरातच पंखा मांडून हवेचा बोगदा केला. आणि त्याची पत्नी गर्ट्रूड हिने स्वयंपाकघराच्या फुलाफुलांच्या पडद्याचा पहिला लवचिक पंख शिवला. त्यातून पुढे हँग ग्लायडर निघाले. दुसरा गृहस्थ डोमिना जॅल्बर्ट, मूळचा पतंग करणारा. त्याने १९६४ साली युक्ती काढली ती अशी: दोन कापडे एकावर एक ठेवून मध्ये उभ्या पट्ट्या शिवावयाच्या, म्हणजे उशांच्या खोळींची रांग व्हावी तसे कप्पे होतात. पुढची तोंडे उघडी, मागची शिवलेली. वारा तोंडातून शिरतो, कोंडला जातो, आणि कापडालाच पंखाचा आकार येतो. हवाच काडीचे काम करते! १९७८ साली फ्रान्सच्या आल्प्समधील मिएसी गावी तिघा छत्रीवाल्यांनी विमानाचा खर्च परवडेना म्हणून अशा चौकोनी छत्र्या घेऊन डोंगरावरूनच धाव घेतली. तेथून पॅराग्लायडिंग वाढले. पाठीवर इंजिन बांधून त्याला पॅरामोटर हे नाव १९८० साली माइक बर्न या इंग्रजाने दिले. इकडे आपल्या हवाई दलाच्या तुकडीने २०१६ साली 'प्रदक्षिणा' नावाच्या मोहिमेत पॅरामोटरने देशाला वळसा घालून दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर काटले.

हे सगळे वाचून माणूस स्वस्थ बसला तर तो सुखी. मी दोन हंगाम शिकलो आणि गेल्या दिवाळीनंतर स्वतःचा पंख पाहावयास मावळात गेलो. बुलढाण्यास आगगाडी नाही. राजूर घाट उतरून मलकापूर गाठावयाचे, तेथे महाराष्ट्र एक्सप्रेस धरावयाची, पहाटे पुण्यास उतरून लोणावळ्याच्या लोकलने कामशेत. पवनेच्या धरणाभोवतीच्या डोंगरांवर ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत उडणाऱ्यांची वर्दळ असते. तिथे एक शिक्षक आहे, वयाने माझ्या मुलाएवढा. मी कापड बोटांत धरून रंग पाहू लागलो तेव्हा तो म्हणाला, "सर, पंख हातात धरून कळत नाही. डोक्यावर धरून बघा."

तीन दिवस इंजिन न लावता, शेतात नुसता पंख डोक्यावर तोलणे चालले. हे पतंगासारखेच आहे, फक्त पतंगाच्या जागी तुम्ही जमिनीवर आणि कन्नीच्या दोन दोऱ्यांऐवजी शेकडो. पुढच्या दोऱ्या ओढल्या की पंख उठतो, मागच्या ओढल्या की थांबतो, आणि हातातल्या ब्रेकने उजवीडावी होते. मनगट बोलू लागले म्हणजे पंखांतला फरक कळतो.

पहिला पंख शिकाऊ, पंचवीस चौरस मीटरच्या पुढचा. तो म्हातारबुवांच्या बैलासारखा. हलक्या वाऱ्यात आपोआप वर येतो, चूक पोटात घालतो, ताशी पस्तीस-अडतीस किलोमीटरच्या वर जात नाही. उतरताना इतका सावकाश की चार पावले चालून उभे राहावे. इंजिन बंद केले तर एक मीटर खाली येताना सात-आठ मीटर पुढे जातो. पूर्वी गिधाडे याच्या दुपटीने जात. पूर्वी म्हणतो, कारण आमच्या डोंगरांवरची गिधाडे डायक्लोफिनॅकने संपली. गुरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली तोवर आकाश रिकामे झाले होते. उडणाऱ्या माणसाला त्यांची फार उणीव भासते. वर चढणारी ऊन हवा कोठे आहे हे तीच दाखवीत. आता घारींवर भागवावे लागते.

दुसरा पंख 'रिफ्लेक्स' जातीचा. हा खास मोटरवाल्यांसाठी. इंग्लंडच्या माइक कॅम्बेल-जोन्स यांनी तो पुढे आणला, आणि पोलंडच्या डुडेक कंपनीसारख्यांनी त्यात हातखंडा मिळविला. याची मागची कड किंचित वर वळलेली असते. त्यामुळे भार पुढच्या भागावर येतो आणि पंखाचे तोंड खाली घडी पडण्यास सहजासहजी तयार होत नाही. खांद्याजवळचे पट्टे, त्यांना ट्रिमर म्हणतात, ते सैल सोडले की तो ताशी पन्नासच्या पुढे धावतो. पण घेतल्याशिवाय देत नाही. सैल सोडलेल्या अवस्थेत ब्रेक खसकन ओढले तर जी मजबुती कमावली ती त्याच क्षणी जाते. तेव्हा टोकाच्या वेगळ्या दोऱ्यांनीच वळावे लागते. शिवाय पेट्रोल जास्त पितो. आपण इंजिन बांधून पंचवीस-तीस किलो वजन पाठीवर घेऊन धावणार, पळताना पायाखाली नांगरट, आणि डोक्यावर हा घोडा. तरुणांना तो शोभतो.

तिसरा पंख मी तेथे पाहिला नाही, बरोबर नेला होता. एका शहरातल्या विक्रेत्याने तो मला परतीच्या बोलीवर दिला होता. रंग लखलखीत लाल, किंमत निम्म्याने कमी, आणि "फार तर शंभर तास उडालेला" अशी ग्वाही. शिक्षकाने पेटीतून एक लहानसे उपकरण काढले. ते कापडाला चिमट्यासारखे लावतात, ठरावीक हवा कापडातून ओढून घेण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. माझ्या लाल पंखाने मधल्या कप्प्यांवर, जेथे ऊन सर्वांत अधिक लागते तेथे, दहासुद्धा घेतली नाहीत. त्याने तीनदा, तीन ठिकाणी लावून पाहिले. मग शांतपणे म्हणाला, "सर, याची पोर्टची पिशवी शिवा. उडू नका." नायलॉनचा शत्रू ऊन. वरचे रोगण झिजले की कापड सुतासारखे झिरपू लागते, आणि तसला पंख धाव घेताना डोक्यावर न येता मागे लोंबत राहतो, किंवा वर गेल्यावर ब्रेक लावताच उडणेच सोडून देतो. लिलिएन्थालला जे झोताने झाले ते येथे नुसत्या जुन्या कापडाने होते. विक्रेत्याला मी पंख सेकंदांच्या आकड्यांसह परत केला. त्याने तो पुढे दुसऱ्या कोणाला विकू नये म्हणून ते आकडे पंखाच्या आतल्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ठेवण्याची सूचना त्या शिक्षकाचीच.

मी घेतला तो पहिल्या जातीचा. त्याला कारण माझे वय तसे आमची हवाही. बुलढाण्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच. उंचीवर हवा विरळ, ऊन चढले की आणखी विरळ. म्हणजे पंखाला उचलण्यास अधिक वेग लागतो आणि इंजिनाची ताकद मात्र घटते. मावळात वीस पावलांत जो पंख उचलतो त्याला आमच्याकडे एप्रिलमध्ये चाळीस लागतात. त्यातून काळी जमीन तापली की अकराच्या आत हवेचे खांब उभे राहतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत हे खांब कड्याकड्याने फुटतात. तेव्हा उडावयाचे ते उजाडताना किंवा मावळताना, आणि हिवाळ्यात. पोलीस ठाण्यास आगाऊ कळवावयाचे, हे तर आलेच. लोक विचारतात, लोणारवरून केव्हा उडणार? मी लोणारवर उडत नाही. पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर अभयारण्य आहे, नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीतले आहे, काठच्या झाडीत मोर आहेत. त्यांच्या डोक्यावरून दोन-स्ट्रोकचे इंजिन फडफडवीत नेण्याचा मला अधिकार नाही. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा वरून टिपलेली चित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत, तेवढी पुरे.

पौषातल्या एका सकाळी मेहकर-लोणार रस्त्यालगतच्या एका पडीक वावरातून उठलो. तीनशे मीटरवर गेल्यावर दक्षिणेस दूर झाडीची एक गोल किनार दिसली. मधले पाणी दिसले नाही. खाली कापूस फुटलेला, आणि त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांतून वेचणीच्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. साडेआठला डाव्या टोकाने पहिला हिसका दिला. ऊन बोलू लागले होते. मी इंजिन बंद केले आणि तरंगत बांधावर उतरलो. पंख घडी घालीत होतो तोच ओटीत कापूस भरलेली एक म्हातारी आली, तिने कापडाची कड अंगठा व बोट यांत चोळून पाहिली. जन्मभर रुई चोळलेली ती बोटे.

"भाऊ, हे कायचं कापड हाय?"

"नायलॉनचं, आजी."

"म्हंजे कापसाचं नाई," ती म्हणाली, आणि ओटी सावरून पुन्हा ओळीत गेली.